सही आधी, वेळ नंतर

दौंड
रविवार, ११ मार्च २००१
सकाळचे ७.२०

ताई,
सप्रेम जयभीम.

मागच्या कार्डात मी लिहिलं होतं की शेजारच्या अनिसला पोलिसांनी गुरुवारी सकाळी पकडलं. ते चूक आहे. त्यावर एक आडवी रेघ मार आणि वर लिही : मंगळवार, ६ फेब्रुवारी, संध्याकाळचे पावणेसहा. रेघ एकच मार, खालचं अक्षर दिसलं पाहिजे. आण्णा रेल्वेच्या सिग्नल केबिनमधल्या रजिस्टरात तशीच मारायचे. गिचमिड करून खोडलेली नोंद चोराची असते म्हणायचे, तुला आठवत असेल.

गुरुवार का लिहिला? पोलिसांच्या कागदावर गुरुवार आहे म्हणून. कागद बघून लिहिलं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं नाही.

पाहिलं ते असं. तू गेलीस तेव्हा अनिस शाळेत होता. आता तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतो. दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. त्या मंगळवारी मी दारात शिकवणीची मुलं सोडत होते. एक जीप आली. दोन माणसं उतरली, साध्या कपड्यांतली. अनिसच्या हातात अर्धी भरलेली मोटार होती. "चल, साहेबांनी बोलावलंय," एक जण म्हणाला. मुमताजचाची बांगड्यांची पेटी तशीच टाकून बाहेर आली. "कुठं नेताय माज्या पोराला?" तर म्हणाला, "सासरी." दुसरा हसला. तेवढ्यात पुण्याची शटल फलाटाला लागत होती, तिची शिट्टी झाली. म्हणून पावणेसहा.

मी सतीशच्या बूथवरून लगेच तुला फोन लावला. तुझ्या शेजारच्या गीताबाईंनी तुला हाक मारली, तू धापा टाकत आलीस. मी म्हणाले, जीप शिरूरच्या रस्त्याला लागली, तुमच्या तालुक्यातली वाटते, दाजी पोलिसांतच आहेत, त्यांना विचार. तू म्हणालीस, "हे घरातच आहेत, सांगते." पाच वर्षांत आपण एवढंच बोललो.

तळेगाव ढमढेऱ्याच्या मळ्यांतून मोटारी चोरीला गेल्या, त्यातली तांब्याची तार अनिसनं विकत घेतली, असं पोलिसांचं म्हणणं. तारेचं पोतं त्यानं गुरुवारी "स्वखुशीनं" दाखवलं, असं कागदावर आहे. मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार तो कुठं होता, हे कुठंच नाही. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. गुरुवार धरला तर सगळं बरोबर बसतं. मंगळवार धरला तर काहीच बसत नाही.

अटकेच्या कागदावर एक साक्षीदार लागतो, घरचा किंवा वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. तशी सही आहे त्यावर. शेजारच्याच कुणाची तरी.

तू एवढंच लिही की माझा फोन कोणत्या वारी आला होता. बाकी काही नको. आईला हे पत्र माहीत नाही.

तुझी
माया


दौंड
बुधवार, २१ मार्च २००१
दुपारचे २.१०

ताई,
जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. "बहुतेक गुरुवार असेल, मला नीट आठवत नाही. तू या भानगडीत पडू नकोस." दोन ओळी. तुझंच अक्षर आहे. तरी तुझी दहावीची वही काढून ताडून पाहिलं. ताडून पाहिलं याची लाज वाटली, पण पाहिलं.

कार्डावर वर वेळ घातलेली नाहीस. शाळेत जायच्या आधी आण्णांनी आपल्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, अक्षर आणि घड्याळ. तारीख, वेळ आणि मग मजकूर. सासरी सवय सुटली असेल. मी काही बोलत नाही.

पण तुझ्याकडून खरं मागायचं आणि आपण लपवायचं, हे बरोबर नाही. मागच्या पत्रात "शेजारच्या कुणाची तरी सही" असं लिहिलं. ती सही माझी आहे.

गुरुवारी अकराला निरोप आला की अनिस तळेगावच्या फाट्यावरच्या चौकीत आहे, कुणीतरी या. चाची म्हणाली, "तू चल बेटी. माजा अंगठा घेतील आन् मागनं म्हणतील, म्हातारीनं काय बी दाबलं. तू वाच आन् तूच सही कर." एसटी बदलून आम्ही दीडला पोचलो.

चौकीच्या भिंतीवर एक बोर्ड आहे, अटक करताना पाळायच्या सूचनांचा. त्यावर बी-बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं. खालच्या तीनच सूचना दिसतात. मी कॅलेंडरचं टोक उचलून वरच्या वाचायला लागले, तर तिथला शिपाई म्हणाला, "काय, चतुर्थी बघताय व्हय?" मी टोक सोडून दिलं. तरी एक वाचून झाली होती. कागदावर अटकेची तारीख आणि वेळ पाहिजे, आणि खाली साक्षीदाराची सही.

आतून दाजी आले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "माये, तू? बरं झालं, घरचंच माणूस आलं." चाचीला त्यांनी स्वतः पाणी दिलं. मग कागद पुढं केला. नाव, गाव, कलम लिहिलेलं. तारीख आणि वेळ कोरी.

मी म्हणाले, "दाजी, वेळ राहिलीय."

"घालतो की. साहेब आलं की त्यांच्या डायरीशी जुळवून घालतो. तू सही कर, म्हंजी म्हातारीला पोराला भेटवतो."

मी सही केली.

तू म्हणशील, आण्णांची पोर कोऱ्या कागदावर सही कशी करते? आण्णांमुळेच केली. त्यांना डबा द्यायला मी केबिनवर जायची, तेव्हा पाळी बदलताना काय पाहायची? येणारा माणूस आधी रजिस्टरात सही करायचा, कारण मग त्याचे दोन्ही हात लिव्हरवर जायचे. वेळ भरायचा जाणारा माणूस, चालू गाडी पार झाल्यावर. सही आधी, वेळ नंतर. वेळ दुसऱ्याच्या हातात सोपवायची असते, आणि तो दुसरा खोटं लिहीत नाही, हे मी सात वर्षांची असताना शिकले. चौकीतही मी तेच केलं. रजिस्टर म्हटलं की माझा हात आपोआप विश्वास ठेवतो.

दाजींनी त्यात लिहिलं : गुरुवार, ८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा.

आता ऐक, यातून काय झालं. त्याच दिवशी अनिसला सरकारी दवाखान्यात तपासलं. डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं, की हातावरच्या आणि तळपायावरच्या जखमा एक-दोन दिवस आधीच्या आहेत. पण अटक गुरुवारची, म्हणजे जखमा अटकेच्या आधीच्या. बुधवारी तो मोटारसायकलवरून पडला, असं पोलिसांनी जोडलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्या बोटांनी तो केसाएवढी तार भरायचा. ताई, मारलं त्यांनी, पण त्याला मोटारसायकलवरून पाडलं ते माझ्या सहीनं.

त्या दिवशी तो आतल्या बाकावर बसला होता, हात मागं घेऊन. मी हात दाखव म्हणाले नाही.

त्यानं शुक्रवारी कोर्टात सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी चौकशी लावली आहे. जामीन अजून नाही.

आणि तुझ्या आठवणीसाठी सांगते. बूथच्या मशीनमधून निघते ती पावती माझ्याकडे आहे. ०६/०२, १८.१२, पुढं गीताबाईंचा नंबर. म्हणून "बहुतेक" लिहू नकोस. एकदा नीट आठव.

माया


दौंड
मंगळवार, ३ एप्रिल २००१
सकाळचे ६.५०

ताई,

तुझं उत्तर नाही. उत्तराऐवजी दुसरंच कुणीतरी आलं.

शनिवारी सतीशनं मला हाक मारून बूथमध्ये बोलावलं. "तुझ्या फोनला भलतीच मागणी हाय गं. एक साधा ड्रेसवाला आला व्हता. फेब्रुवारीच्या पावत्यांचा रोल दे म्हणला. मी म्हणलं, न्या, पण नेला म्हणून लिहून द्या. तर म्हणतो कसा, लिहून दिलं तर नेला असं होईल की. आन् घेऊन गेला." सतीश सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही.

पावती काढल्यावर सतीशनं ती माझ्या हातात दिली, पुन्हा तिचा विचारही केला नसेल. आईला माहीत नाही. चाचीला सांगितलं नव्हतं, ती रडता रडता कुणाजवळही बोलते. मी ती फक्त एका ठिकाणी लिहिली, तुझ्या पत्रात. दहा दिवसांनी माणूस आला.

मी एकेक करून सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. पोस्टमनवर घेतला, पण तो वीस वर्षं आपल्याकडे येतो, आण्णांच्या मातीला आला होता. सतीशवर घेतला, पण मग तो मला कशाला सांगेल? शेवटी उरतेस तू. तुझं नाव मी एका कागदावर लिहिलं, रेघ मारली, परत लिहिलं.

ताई, आण्णा तुझ्याशी बोलले नाहीत ते दाजींच्या जातीवरून, असं तुला वाटत असेल. तसं नव्हतं. ते एकच म्हणायचे, "गाडी सोडली आन् पुढच्या केबिनला वर्दी दिली न्हाई." न सांगता गेलीस याचंच त्यांना लागलं होतं. तेव्हा मी मनातून तुझ्या बाजूची होते. आता मला माझी बाजू समजत नाही.

पावती आता माझ्याकडे नाही. घरात ठेवायला भीती वाटते. भांडगावला सिंधूआत्याकडे दिली आहे, तिच्या सांडग्यांच्या डब्यात तळाला. चौकशीत मला बोलावलं आहे. कागदावरची सही माझी का, एवढंच विचारतील. "हो" म्हटलं की काम संपतं. ते "हो" खरंच आहे, म्हणून मला जास्त भीती वाटते.

माया


दौंड
रविवार, १५ एप्रिल २००१
रात्रीचे ८.३५

ताई,

हे पत्र टपालानं नाही. चाची बांगड्या विकायला तुमच्या गल्लीत येईल, तिच्या पेटीत हिरव्या बांगड्यांच्या खालच्या कागदात आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात पावती सिंधूआत्याकडे आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. चुकून नाही, मुद्दाम. मी आयुष्यात पहिल्यांदा तारीख-वेळ घालून खोटं लिहिलं. पत्र कोण वाचतं ते मला बघायचं होतं.

सहाव्या दिवशी भांडगावात दोघं जण आत्याच्या दारात. आत्या काल जयंतीला आली तेव्हा तिनं सांगितलं. सगळी मिरवणूक पुढं गेली, ही आपली मला धरून बसली.

"म्हणं, तुमच्या भाचीनं काय ठिवलंय का? म्या म्हणलं, माजी भाची दोन सालात आली न्हाई, ठिवती कवा? तरी एकजण चुलीपाशी शिरला. सांडग्याच्या डब्यात हात घातला मुडद्यानं! आगं, बाकीचं डबं तसंच, निम्मा हात त्याच डब्यात. म्हणलं, न्हेऊन तळून खा, पर झाकण लावा, मुंग्या लागत्यात."

बाकीचे डबे तसेच. म्हणजे त्यांना कुठला डबा ते माहीत होतं. मला वाटलं, आता पुरावा झाला. ताईनंच सांगितलं. काल रात्री मी तुझी दहावीची वही माळ्यावर टाकली.

आणि आज चाची तळेगावच्या बाजारातून आली. दार लावून घेतलं आणि माझ्यापुढं मूठ उघडली.

"तुजी बहीण आल्ती बांगड्या भराया. संगं नणंद उभी, सारकी बघत. म्या हात धरला, तर हातात ही चिट्टी. मी बी अशी तशी नाही. चिट्टी मुठीत धरून बारा बांगड्या भरल्या, एक फुटू दिली नाही."

तुझी चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की घडीवर फाटली आहे. वर "सकाळचे १०.४०". खाली : "माये, पत्रं मला फोडूनच मिळतात, आधी हे वाचतात. ते कार्ड त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. वेळ घातली नाही. तुला एवढंही कळलं नाही का? फोन मंगळवारीच आला. मी सांगायला गेले तेव्हा हे दाढी करत होते. म्हणाले, मला माहीत आहे. तू काय करणार ते मला आधी कळव. लेकीला घेऊन कुठं बसायचं ते मला बघावं लागेल."

मला कळलं नाही, ताई. वेळ नाही हे मी पाहिलं होतं, लिहिलंही होतं. तुला सवय सुटली असं समजले. तू निशाण दाखवत होतीस आणि मी तुझी चूक काढत बसले.

खरं सांगायचं तर ही चिठ्ठीही मी लगेच मानली नाही. ही पण त्यांनीच लिहून घेतली नसेल कशावरून? चाचीला दहादा विचारलं, नणंदेनं पाहिलं का, चिठ्ठी देताना ताईचा हात कसा होता. शेवटी ती चिडली. "किती पंचनामा करशील? गार व्हता हात. तुज्यासारकाच." तेव्हा मानली.

"मला माहीत आहे" हे दाजींचे शब्द मी कुठंही सांगणार नाही. ते तुझे आहेत, तू सांगशील तेव्हा सांग. मी माझ्यापुरतं सांगणार. मंगळवारी मी काय पाहिलं, कुणाला किती वाजता फोन केला, आणि गुरुवारी कोऱ्या वेळेवर सही केली. पावती अनिसच्या वकिलांकडे दिली आहे. शाई फिकी होत चालली होती म्हणून तिची झेरॉक्सही काढली. वकील म्हणाले, "बाई, कोरा कागद होता हे सांगितलंत तर तुम्हालाही उलटं विचारतील. अडकवायलाही बघतील." मी म्हणाले, विचारू दे. सही माझीच आहे.

दाजींची नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त. तुझं घर माझ्या तोंडातून मोडणार, हे मला दिसतं. हे पत्र लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले. पण चाची रोज संध्याकाळी अनिसची ती अर्धी भरलेली मोटार पुसून ठेवते, ते भिंतीपलीकडून ऐकू येतं.

चौकशीची तारीख २३. तू २२ ला, रविवारी, लेकीला घेऊन आईकडे ये. निघायला कारण लागेल, म्हणून उद्या टपालानं एक कार्ड टाकते. आई आजारी आहे असं खोटं लिहिणार नाही, एकदा लिहिलं तेवढं पुरे. तिचे गुडघे दुखतात हे खरंच आहे. तेवढंच लिहीन. त्या कार्डात दाजींनाही सगळं सांगणार आहे. तू म्हणशील, वेडी आहेस, सावध कशाला करतेस? उघड्या कार्डावर लिहिलेलं इथला पोस्टमन वाचेल, तिथला वाचेल, गीताबाई वाचतील. मग कुणाला मला वाटेत अडवायचं असेल तर एवढ्या लोकांच्या देखत अडवावं लागेल. आणि दुसरं कारण तुला माहीत आहे. वर्दी न देता गाडी सोडायची नाही.

तू आलीस तर दार उघडं आहे. नाही आलीस तरी मी समजेन.

माया


पोस्टकार्ड

दौंड
सोमवार, १६ एप्रिल २००१
सकाळचे ६.०५

ती. ताई,
जयभीम. आईचे गुडघे फार दुखतात. रविवारी, २२ ला, लेकीला घेऊन ये. आई तिला अजून एकदाही भेटलेली नाही.

दाजी, नमस्कार. हे कार्ड उघडंच आहे, फोडायचा त्रास नाही. सिंधूआत्याच्या डब्यात काही नव्हतं, ते मी खोटं लिहिलं होतं. त्या ओळीवर एक रेघ मारावी. ताईचं "बहुतेक गुरुवार" असं लिहिलेलं कार्ड माझ्याकडे जपून ठेवलं आहे. तिनं काय लिहिलं होतं असं कुणी विचारलं, तर तेवढंच दाखवीन; त्यात तुमच्याविरुद्ध काही नाही.

अटकेच्या कागदावरची सही माझी आहे, हे मी मान्य करणार आहे. मी सही केली तेव्हा तारीख आणि वेळ कोरी होती, आणि ती नंतर तुम्ही भरलीत, हेही सांगणार आहे. अनिसला मंगळवारी पावणेसहाला नेलं, हे सांगणार आहे. दौंडहून पहिल्या एसटीनं निघेन, मुमताजचाची बरोबर असेल. शिरूरच्या कोर्टात, सोमवार, २३ एप्रिल २००१, सकाळी अकरा वाजता.

माया